हलीषेपासून हायड्रॉलिकपर्यंत : धानाच्या बांधींतील नांगराच्या खोलीचा विचार

शेतीचा इतिहास लिहितांना आपण बहुधा सारा, वतन, मालगुजारी आणि दुष्काळ यांचा विचार करतों; कारण त्यांचे कागद दप्तरांत सांपडतात. ज्या अवजारानें जमीन प्रत्यक्ष फुटली त्याचा कागद नसतो. तें मोडलें कीं लांकूड चुलींत जातें व लोखंड भंगारांत. असें असल्यामुळें जमीन कोणाची होती हें आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांचें सांगतां येतें, पण ती किती खोल नांगरली जात होती व ती खोली कोण राखीत होता, हें सांगतां येत नाहीं. प्रस्तुत लेखांत याच एका लहान प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्याचा शेवटचा टप्पा म्हणजे जुन्या ट्रॅक्टरांच्या मागें बसविलेलें तेलाच्या दाबाचें उचल-यंत्र. शेतकरी ज्याला नुसतें 'हायड्रॉलिक' किंवा 'लिफ्ट' म्हणतात तें.

या यंत्राचें काम अवजार उचलणें हें आहे, असा सर्वसाधारण समज आहे. नांवावरून तो होणें स्वाभाविक आहे. परंतु उचलणें हें त्याचें दुय्यम काम होय. त्याचें मुख्य काम नांगराची खोली राखणें हें असून, तेंच काम पूर्वीं नांगऱ्याचें मनगट करीत असे. हा संबंध ध्यानांत घेतल्यावांचून या यंत्राचा इतिहास समजत नाहीं, आणि तें बांधींत नीट वापरतांहि येत नाहीं.

(१) स्थळ

चोरखमारा हें गांव गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत, नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला आहे. याच नांवाचा मोठा तलाव गांवाजवळ आहे. हा प्रदेश पूर्वीं मध्यप्रांतांतील भंडारा जिल्ह्यांत मोडे. १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्रांत, आणि १ मे १९९९ पासून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यें बदललीं तरी पीक बदललें नाहीं. तलाव आणि धान हीं येथील शेतीचीं दोन अंगें आहेत. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यांतील तलावांच्या बांधणीशीं कोहळी समाजाचें नांव निगडित आहे. १९५१ मध्यें मालगुजारी संपली. तलाव मात्र 'माजी मालगुजारी तलाव' या नांवानें आजहि ओळखले जातात.

धानाचें शेत म्हणजे बांधी. चारी बाजूंनीं मातीचा बांध, आंत समपातळीवर कोंडलेलें पाणी. पऱ्हे तयार झाले कीं बांधींत चिखलणी करावयाची व मग रोवणी. बांध्या बहुधा लहान असतात. जमीन उतरती असेल तेथें त्या पायऱ्यांसारख्या एकीखालीं एक येतात. चिखलणीनें वरची माती लोण्यासारखी होते, आणि तिच्याखालीं वर्षानुवर्षांच्या नांगरटीनें व पायदळीनें एक घट्ट थर बसतो. पाणी धरून ठेवतो तो हा थर. तो फुटला तर बांधी गळूं लागते. म्हणून कोरडवाहू शेतांत 'खोल नांगर' ही शाबासकी असली, तरी बांधींत ती तशीच घेतां येत नाहीं. येथें खोलीला खालची मर्यादा आहे, आणि ती पाळणें हेंच कौशल्य.

(२) नांगराचे शब्द

नांगराच्या अवयवांचीं आपलीं नांवें बहुतेक संस्कृतांतून आलेलीं आहेत. फाळ म्हणजे 'फाल', जूं म्हणजे 'युग', इसाड म्हणजे 'ईषा', आणि कांहीं भागांत ज्याला हळीस किंवा हळस म्हणतात ती 'हलीषा'. हा शेवटचा शब्द व्याकरणाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. 'हल' आणि 'ईषा' यांचा संधि नेहमींच्या नियमानें 'हलेषा' व्हावयास पाहिजे. पण रूप रूढ आहे 'हलीषा'. वैयाकरणांनीं 'शकन्धु' इत्यादि शब्दांच्या गणांत त्याची सोय लावली. नियमाला बाजूला सरावें लागलें, यावरून हा शब्द शेतांत किती रुळलेला होता हें दिसतें. 'कृषिपराशर' या ग्रंथांत नांगराचे आठ अवयव सांगितले आहेत. त्यांत ईषा आणि युग प्रथम येतात.

ईषेला हा मान कां, हें नांगर चालतांना पाहिल्यावर कळतें. बैलांची ओढ फाळापर्यंत पोंचते ती तिच्यावाटे, आणि फाळाचा कल ठरतो तोहि तिच्यावरून. हळीस जुवाशीं बांधण्याची जागा पुढें-मागें केली कीं फाळ कमी-अधिक खोल जातो. ही झाली सकाळीं एकदां करावयाची बांधणी. त्यानंतर दिवसभर रुमणें हातांत धरून चालणारा माणूस आणखी दोन गोष्टी करी. मातीचा प्रतिकार वाढला तर तो मनगटाला जाणवे, आणि तो दाब किंचित् सैल करी. माती पोंचट लागली तर दाबी. मूळ किंवा दगड लागला तर तत्काळ उचली. तास संपल्यावर नांगर उचलून वळवी. तात्पर्य, बांधणी, जाणीव आणि उचल अशीं तीन कामें एकाच माणसाकडे होतीं. पुढील सर्व विवेचन या तीन कामांना धरून आहे.

(३) तलावाचा नियम

हायड्रॉलिक हा शब्द ग्रीक आहे; पाणी आणि नळी या अर्थाच्या दोन शब्दांपासून तो झाला. त्यांतील पाण्याचा वाचक शब्द आपल्या 'उद', 'उदक' यांचा सगोत्र आहे. ट्रॅक्टरच्या पेटींत पाणी नसून तेल असतें; पण नियम पाण्याचाच.

तो नियम तलावाच्या पाळीवर दिसतो. पाळ माथ्याला अरुंद व पायाला रुंद असते. कारण पाण्याचा दाब तलावाच्या विस्तारावर अवलंबून नसून खोलीवर असतो. १० मीटर खोलीवर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलोग्रॅम वाढतो. ज्यांनीं पाळी घातल्या त्यांना हें अनुभवानें ठाऊक होतें. पाणी सोडण्याच्या तोंडाला या भागांत तुडुम म्हणतात. त्यांतील बोळा काढला कीं एवढ्या मोठ्या सांठ्याचें पाणी एका माणसाच्या हातानें चालूं होतें व थांबतें. मोठ्या शक्तीला लहान तोंडानें आवरणें हें जें तुडुमाचें काम, तेंच उचल-यंत्रांत झडपेचें.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा सिद्धांत फ्रान्समधील पास्काल यानें मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्यें छापला गेला. समजा, १ चौरस सेंटिमीटरच्या लहान दट्ट्यावर १० किलोग्रॅम भार दिला, आणि तोच द्रव ३० चौरस सेंटिमीटरच्या मोठ्या दट्ट्याखालीं पोंचला, तर मोठा दट्ट्या ३०० किलोग्रॅम उचलील. फुकट मात्र कांहीं मिळत नाहीं: लहान दट्ट्या ३० अंगुळें सरकावा तेव्हां मोठा १ अंगूळ चढतो. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ मध्यें या तत्त्वावरील दाबयंत्राचें पेटंट घेतलें. शेतांत तें तत्त्व पोंचावयास आणखी सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य वाटतें. भोजाच्या 'समराङ्गणसूत्रधारां'त यंत्रांवर एक अध्याय आहे व त्यांत पाण्याच्या यंत्रांचे प्रकारहि आहेत. त्यावरून तेलदाबाचें उचल-यंत्र आपल्या पूर्वजांस अवगत होतें असें अनुमान काढणें योग्य होणार नाहीं. कारंजाचें पाणी चढविणें वेगळें आणि बंद नळकांड्यांतील दट्ट्यानें भार उचलणें वेगळें. पूर्वजांचें खरें श्रेय पाळींत आणि तुडुमांत आहे. तें पुरेसें आहे.

(४) ओढलेला नांगर

ट्रॅक्टर प्रथम आला तो बैलांची जागा घेण्यासाठीं. म्हणून नांगर त्याच्यामागें साखळीनें किंवा दांड्यानें नुसता बांधला जाई. त्यामुळें वर सांगितलेल्या तीन कामांपैकीं एकहि ट्रॅक्टरकडे आलें नाहीं. खोली राखण्यासाठीं नांगराला स्वतःचीं चाकें लावावीं लागत, आणि तो उचलण्यासाठीं निराळा माणूस किंवा निराळी कळ लागे. वळण्यास जागा फार लागे. आणखी एक दोष जिवावर बेतणारा होता. फाळ खडकांत किंवा मुळांत अडकला, कीं मागचीं चाकें फिरण्याऐवजीं ट्रॅक्टरचें तोंडच वर उचललें जाई, आणि तो चालकासह मागें उलथे. १९१७ पासून मोठ्या संख्येनें निघालेला हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर याबद्दल कुप्रसिद्ध होता.

स्वातंत्र्यानंतर भारतांत ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर दिसले ते १९४७ मध्यें स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेचे. मध्य भारतांतील कांस माजलेली जमीन मोडणें हें तिचें एक मोठें काम होतें, आणि १९४९ मध्यें जागतिक बँकेनें शेतीयंत्रांसाठीं १ कोटि डॉलरचें कर्जहि दिलें. कांसाचीं मुळें उपटावयाचीं म्हणून ते साखळपट्ट्यांवर चालणारे अवजड ट्रॅक्टर होते. विस्तीर्ण पडीत जमिनीला ते योग्य. बांधींत त्यांचा उपयोग नव्हता. पांच तासांत बांध मोडून पलीकडे जाणारें यंत्र धानाच्या शेतकऱ्याच्या काय कामाचें?

(५) फर्ग्युसनची युक्ति

यावर उपाय काढला तो उत्तर आयर्लंडांतील हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) यानें. पहिल्या महायुद्धांत, १९१७ च्या सुमारास, तेथील कृषिखात्यानें ट्रॅक्टरांचें काम सुधारण्याची कामगिरी त्याच्याकडे दिली. गांवोगांव नांगरट पाहून त्यानें असा निष्कर्ष काढला, कीं ट्रॅक्टर आणि नांगर हीं दोन यंत्रें नसून एक व्हावयास पाहिजेत. विली सँड्स या कुशल सहकाऱ्यासह त्यानें अनेक वर्षें प्रयोग केले, आणि १९२५ मध्यें इंग्लंडांत आपोआप खोली राखणाऱ्या जोडणीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. १९३६ मध्यें ती जोडणी असलेला ट्रॅक्टर हडर्सफील्ड येथील डेव्हिड ब्राऊन यांच्या कारखान्यांतून निघाला. १९३९ मध्यें अमेरिकेंत फोर्डच्या भागीदारींत. आणि १९४६ पासून कॉव्हेंट्री येथें टी.ई.२० या नांवानें. या शेवटच्या नमुन्याचे १९५६ पर्यंत पांच लक्षांहून अधिक ट्रॅक्टर निघाले.

त्याची रचना अशी. ट्रॅक्टरच्या मागें तीन दांडे असतात: खालीं दोन, वर मध्यभागीं एक. खालचे दोन नांगराला ओढतात. फाळ जमिनींत अडतो, आणि नांगराचा वरचा भाग पुढें झुकूं पाहतो. म्हणून वरचा दांडा ओढला न जातां उलट ट्रॅक्टरकडे रेटला जातो. हा रेटा हेंच सर्व युक्तीचें मर्म होय. एक तर तो ट्रॅक्टरचें तोंड वर उठूं देत नाहीं. दुसरें, तो मातीच्या प्रतिकाराच्या प्रमाणांत कमी-अधिक होतो. म्हणजे जी बातमी पूर्वीं रुमण्यावरून मनगटाला मिळे ती आतां या दांड्यावरून मिळते.

ही बातमी पुढें कोठें जाते तें पाहूं. वरच्या दांड्याच्या टोकाशीं एक जाड स्प्रिंग आहे. रेटा वाढला कीं ती दबते आणि एका दांडीवाटे तेलाची झडप सरकविते. पेटीच्या तळाशीं चार लहान दट्ट्यांचा पंप तेलांत बुडालेला असतो. झडप सरकली कीं पंप तेल ओढून मोठ्या नळकांड्यांत ढकलतो, तेथील दट्ट्या पुढें सरकतो, आडवा दंड फिरतो, वरचे दोन हात उचलले जातात, आणि त्यांना टांगलेले खालचे दांडे नांगरासह थोडे वर येतात. फाळ उथळ झाला, प्रतिकार कमी झाला, स्प्रिंग सैल झाली, झडप मागें आली, तेल थांबलें. माती हलकी लागली तर याच्या उलट होऊन थोडें तेल सुटतें व नांगर स्वतःच्या वजनानें खालीं उतरतो. खालीं दाबण्याची शक्ति या यंत्रांत नाहीं. तें काम वजनाचें आणि फाळाच्या कलाचें. नळकांड्यांतील दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅमच्या वर जातो. एवढा दाब पाण्यांत मिळावयाचा तर तलाव एक हजार मीटरांहून खोल पाहिजे.

यांतून आणखी एक लाभ झाला. नांगराचें वजन आणि त्यावरील मातीचा भार तेलाच्या आधारें ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, आणि चाकांची पकड गरजेच्या वेळींच वाढते. त्यामुळें टी.ई.२० हा अवघा सुमारें ११०० किलोग्रॅमचा ट्रॅक्टर असूनहि आपल्या वजनाच्या मानानें मोठें काम करी. आणि फाळ एकाएकीं दगडाला अडला तर? स्प्रिंग पूर्ण दबून झडप पलीकडे जाते व तेल एकदम मोकळें होतें. चाकांवरील अधिक भार नाहींसा होतो, चाकें जागच्या जागीं घसरतात, आणि माणूस व नांगर दोन्ही वांचतात.

बांधणी, जाणीव आणि उचल हीं तिन्हीं कामें याप्रमाणें पुन्हां एकत्र आलीं. चालकाजवळची तरफ ही बांधणी, स्प्रिंग ही जाणीव, आणि दट्ट्या ही उचल.

या युक्तीचें मोल किती होतें तें एका खटल्यावरून दिसतें. फोर्ड कंपनीनें १९४७ मध्यें भागीदारी मोडून तशीच उचल असलेला आपला ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसननें १९४८ मध्यें दावा लावला. आणि १९५२ मध्यें ९२ लक्ष ५० हजार डॉलर देऊन व पंपाची रचना बदलण्याचें मान्य करून फोर्डनें तडजोड केली.

(६) बांधींतील उपयोग

१९५३ मध्यें फर्ग्युसनचा व्यवसाय मॅसी-हॅरिस या कंपनींत मिसळला. भारतांत मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानें 'टॅफे' ही कंपनी १९६० मध्यें मद्रास येथें निघाली, आणि १९६३ मध्यें महिंद्र, व्होल्टास व अमेरिकेची इंटरनॅशनल हार्व्हेस्टर यांनीं मिळून मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचा बी-२७५ हा नमुना महाराष्ट्रांत फार चालला. कारखाने वेगळे, पंपांची घडण वेगळी, पण तीन दांड्यांची जोडणी सर्वांनीं घेतली. जोडलेला नांगर उचलून ट्रॅक्टर लहान जागेंत वळूं शकतो, बांध ओलांडूं शकतो. बांधींत ट्रॅक्टर शिरूं शकला याचें मोठें कारण अश्वशक्ति नसून ही उचल आहे, असें आमचें मत आहे.

परंतु बांधीनें या यंत्रापुढें एक नवा प्रश्न टाकला. प्रतिकार पाहून खोली ठरविणें ही युक्ति कोरड्या, आवळलेल्या जमिनीसाठीं होती. चिखलांत प्रतिकार जवळजवळ नसतोच. मग स्प्रिंगेला बातमी मिळत नाहीं. ती नांगराला आणखी खालीं जाऊं देते, आणि पाणी धरणारा थर धोक्यांत येतो. पहिल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांत प्रतिकारावर चालणारें नियंत्रण तेवढें होतें. अवजार ठराविक उंचीवर धरून ठेवणारें दुसरें नियंत्रण फोर्डनें १९४७ च्या नमुन्यांत घातलें, आणि १९५६ नंतरच्या फर्ग्युसन ३५ मध्यें दोन तरफा आल्या. उन्हाळी नांगरटीस प्रतिकाराची तरफ, चिखलणीस उंचीची तरफ, असा विवेक चालकानें ठेवावयाचा असतो. जुन्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या अनेकांस हा भेद कोणी सांगितलेला नसतो. एकाच तरफेनें सर्व काम करतात, आणि बांधी गळूं लागली कीं दोष पावसाला किंवा बियाण्याला देतात.

दुसरी गोष्ट तेलाची. या ट्रॅक्टरांत गिअरपेटीचें, मागच्या आसाचें आणि उचल-यंत्राचें तेल बहुधा एकच असतें. चिखलांतून पाणी आंत शिरलें कीं तें ताकासारखें पांढुरकें होतें, आणि झडपा अडकूं लागतात. उचललेलें अवजार उभ्या उभ्या झुलूं लागलें, म्हणजे खालीं-वर असे लहान हिसके खाऊं लागलें, तर तेल कोठेंतरी गळून यंत्र तें पुन्हां पुन्हां भरून काढीत आहे असें समजावें. टी.ई.२० मध्यें क्लच दाबला कीं पंपहि थांबे. ती अडचण पुढें दोन टप्प्यांच्या क्लचानें दूर झाली.

तिसरी गोष्ट जिवाची. मागें उलथण्याचा धोका नांगर रीतसर तीन दांड्यांना जोडलेला असतांनाच कमी होतो. रुतलेला ट्रॅक्टर काढण्यासाठीं मागच्या चाकांना ओंडका बांधणें, किंवा वरच्या दांड्याच्या खुंटीला साखळी लावून ओझें ओढणें, म्हणजे जोडणीचें सर्व संरक्षण काढून टाकणें होय. तसें करणाऱ्यावर फोर्डसनच्या काळचेंच संकट येतें.

(७) समारोप

नांगऱ्याच्या मनगटांतील ज्ञान तेलाच्या झडपेंत उतरलें, हा या इतिहासाचा सारांश. त्यांत लाभ निर्विवाद आहे. दिवसभर चिखलांत रुमणें दाबणाऱ्या माणसाच्या कष्टांची बरोबरी कोणत्याहि हळहळीनें होणार नाहीं. परंतु मनगटाला 'हा थर फोडूं नये' हें ठाऊक होतें. झडपेला तें ठाऊक नाहीं. तें चालकालाच ठाऊक असावें लागतें.

आज जुने लांकडी नांगर आणि जुने ट्रॅक्टर दोन्ही एकाच वेगानें नाहींसे होत आहेत. नांगराच्या अवयवांचीं झाडीपट्टींतील नांवें सांगणारे, तसेच कानानें पंपाचा दोष ओळखणारे कारागीर वयस्क झाले आहेत. ताम्रपट जमिनींत शेंकडों वर्षें टिकतो. हें ज्ञान तसें टिकत नाहीं. गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांतील जिज्ञासूंनीं गांवनिहाय नांगराच्या भागांचे शब्द, तुडुमांचीं मापें, आणि पहिला ट्रॅक्टर कोणत्या सालीं व कोणत्या बांधींत उतरला याच्या आठवणी लिहून घ्याव्यात, व मंडळाकडे पाठवाव्यात. साऱ्याचे कागद आणखी कांहीं काळ दप्तरांत थांबतील. हे कारागीर थांबणार नाहींत.